आज गोळी नाही आली

लिफ्टमावशींचं आयुष्य वर-खाली गेलं. आडवं फारसं नाही. शहरातल्या एका उंच इमारतीत त्या लिफ्ट चालवायच्या. स्टुलावर बसून, हात दांड्यावर. इमारतीतली माणसं त्या मजल्यांवरून ओळखायच्या. "चौथा आज गप्प होता," असं घरी येऊन सांगायच्या. घरी ते बरोब्बर समजायचं.

घरी समजणारा माणूस म्हणजे त्यांचे यजमान, काचकाका. ते खिडक्यांना काचा बसवायचे. ओळख लिफ्टमध्येच झाली. काच घेऊन कुणी आत शिरलं की बाकीच्यांनी बाहेर थांबायचं, असा इमारतीचा नियम होता. त्यामुळे काच, काका आणि मावशी एवढेच वर जायचे. त्या वर्षी सातव्या मजल्यावरच्या काचा फार फुटल्या, असं जुने लोक अजून चेष्टेनं सांगतात. काका म्हणायचे, मी एकही फोडली नाही. मावशी म्हणायच्या, दोन.

सातव्या मजल्यावरून नदी दिसायची. काच बसवून झाली की काका ती पुसायचे, आणि पुसता पुसता नदीकडे बघत राहायचे. ही शेवटी जाते कुठे, ते एकदा जाऊन बघायचं, असं दोघांचं ठरलं होतं. मग मुलगी झाली. तिची शाळा झाली, लग्न झालं. नदी आपली जात राहिली.

निवृत्तांच्या अभ्यास सहलीची जाहिरात मावशींनी दवाखान्याच्या भिंतीवर पाहिली. नदी, उगमापासून मुखापर्यंत. बरोबर शिकवायला नदीचा अभ्यास केलेले एक सर. डॉक्टरांनी नुकतंच त्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, की काकांचं विसरणं हे नुसतं वयाचं विसरणं नाही. ते वाढत जाणार. किती भराभर, ते सांगता येत नाही. मावशी बाहेर आल्या तेव्हा काका बाकावर बसून त्या जाहिरातीतलं चित्र बघत होते.

"ही आपली नदी," काका म्हणाले.

मावशींनी उभ्या उभ्या ठरवून टाकलं. कुणाला काही सांगितलं नाही. मुलीलाही नाही. झाकली मूठ. कळलं तर सहलीतून परत पाठवतील, ही भीती होतीच. पण तिच्याखाली आणखी एक भीती होती. एकदा कळलं की लोक काकांशी मोठ्यानं आणि सावकाश बोलायला लागतील. लहान मुलाशी बोलतात तसं. सातव्या मजल्याच्या खिडकीवर एक पाय आत, एक पाय बाहेर टाकून काच बसवणाऱ्या माणसाशी. ते त्यांना बघवलं नसतं.

पहिल्याच सकाळी पंचाईत झाली.

सहलीची प्रमुख एक तरुण मुलगी होती. सगळे तिला पोरगी म्हणायचे आणि ती ओ द्यायची. तिनं बसमध्ये उभं राहून नियम सांगितला. प्रत्येकाला एक जोडीदार. खाली उतरल्यावर जोडीदारानं जोडीदाराकडे लक्ष ठेवायचं. बस निघण्याआधी ती विचारणार, "आपलं माणूस?" प्रत्येकानं आपला जोडीदार वर चढलाय का हे डोळ्यांनी बघायचं आणि म्हणायचं, "आहे." ती स्वतः डोकी मोजत नसे. मोठ्या माणसांना शेळ्यांसारखं मोजू नये, असं तिचं मत होतं. बसमध्ये कुणीही कुठंही बसावं. मात्र नवरा-बायकोनं एकमेकांचे जोडीदार व्हायचं नाही.

"तुम्ही एकमेकांकडे बघणं कधीच सोडून दिलंय," ती म्हणाली.

बस हसली. मावशींना हसू आलं नाही.

काका गेले हेडबाईंच्या वाट्याला. त्या निवृत्त मुख्याध्यापिका. पाठ ताठ, आवाज त्याहून ताठ. त्यांच्यासमोर बाकीचे लोक आपोआप शर्टाची बटणं तपासायचे. मावशींना वाटलं, झाडून सगळ्या बसमध्ये हीच बाई मिळायची होती.

मावशींना जोडीदार मिळाले बॅटरीवाले. त्यांची नोकरी सिनेमागृहात झाली होती. अंधारात बॅटरी दाखवून लोकांना खुर्चीपर्यंत न्यायचं. सिनेमा चालू असताना बोलायचं नाही, ही सवय त्यांना जन्माची लागली होती. गुडघा दुखायचा म्हणून ते मागच्या सलग सीटवर पाय लांब करून बसायचे. बसमध्ये चढले की खिशातून पेपरमिंटच्या गोळ्या काढायचे आणि मागून पुढे एकेकाच्या हाती देत यायचे. शेवटची गोळी काकांना. मग मागं जाऊन बसायचे. या सगळ्यात एक शब्दही नाही.

मावशी काकांशेजारी बसायच्या. "आपलं माणूस?" असं पोरगीनं विचारलं की त्या हळूच काकांच्या दंडाला हात लावायच्या आणि कुजबुजायच्या, "आहे म्हणा." काका म्हणायचे. कुणाच्या नावानं म्हणतोय, हे त्यांना ठाऊक असायचंच असं नाही.

उतरल्यावर मावशींचे डोळे काकांच्या पाठीवर. सर फार जीव लावून शिकवत होते. उगमाशी नदी कशी ओंजळीत मावते, वळणावर ती एका काठाची माती काढून दुसऱ्या काठाला कशी नेऊन घालते, जुन्या पुलाच्या खांबांना पाण्याकडच्या बाजूला टोक का असतं. माणसं माना डोलावत होती. मावशीही डोलावत होत्या. कानात काही शिरत नव्हतं. काका कुठल्या दिशेला वळले, हेडबाईंना काय म्हणाले, त्या हसल्या की भुवई चढवली, एवढंच त्या बघत होत्या. बॅटरीवाले मागं मागं लंगडत यायचे. त्यांची त्यांना काळजीच वाटली नाही. ते कुठं जाणार?

तिसऱ्या दिवशी सर सगळ्यांना नदीची पातळी मोजायच्या चौकीवर घेऊन गेले. काठावर एक लहानशी खोली, आणि पाण्यात उभ्या केलेल्या खुणांच्या पट्ट्या. चौकीच्या मागं झाडाखाली बाक होता. बॅटरीवाल्यांनी मावशींना आधी बाक दाखवला, मग गुडघा. ते फक्त एवढंच म्हणाले, निघताना हाक मारा. मावशींनी हो म्हटलं.

सर बोलत असताना काका खोलीच्या खिडकीपाशी गेले. काचेच्या कडेनं अंगठा फिरवला. मग सरांना मध्येच थांबवून म्हणाले, "ही मी बसवलीय."

सर थांबले. दोघं-तिघं वळून बघायला लागले. आपण इथे आयुष्यात पहिल्यांदाच येतोय, हे मावशींना माहीत होतं. हसत हसत त्या पुढे झाल्या. यांना सगळ्या काचा आपल्याच वाटतात, असं काहीतरी बोलल्या, आणि काकांना कोपराला धरून सरळ बसकडे घेऊन निघाल्या. मागोमाग बाकीचेही आले.

"आपलं माणूस?"

मावशींनी शेजारी काकांकडे बघितलं. "आहे," त्या म्हणाल्या. सगळी बस म्हणाली. त्या सगळ्यांत एक आवाज कमी होता. पण तो आधीच इतका हळू होता, की कमी झालेला कुणाला कळला नाही.

बस निघाली. मावशींनी श्वास सोडला. रस्ता नदी सोडून टेकडीला लागला.

"आज गोळी नाही आली," काका म्हणाले.

"खाल्ली तुम्ही."

"नाही आली."

"अहो, मघाशीच खाल्लीत. विसरलात."

काकांनी जीभ टाळूला लावून बघितली. तोंडात चव नाही, असं ते स्वतःशीच म्हणाले. मग पुन्हा मावशींकडे वळून, अगदी समजुतीनं म्हणाले, "अगं, माझं जाऊ दे. तुझी कुठाय?"

मावशींनी आपली मूठ उघडून बघितली. मग मागं वळल्या. मागची सलग सीट रिकामी होती.

त्यांनी हात वर केला. "बस थांबवा," त्या म्हणाल्या.

अरुंद रस्त्यावर बस वळवायला बराच वेळ गेला. ड्रायव्हर कुरकुरला. कुणी मावशींना काही बोललं नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं. चौकीमागं बॅटरीवाले जसेच्या तसे बसले होते. हात मांडीवर, पाय लांब.

"मध्यंतर समजून बसलो," ते म्हणाले.

त्यांना वर घेऊन झालं. पोरगीचा चेहरा पांढरा पडला होता. तरी तिनं हळुवारपणेच विचारलं की हे कसं झालं. मावशींना उत्तर सोपं होतं. विसरले म्हणायचं. या बसमध्ये कोण विसरत नव्हतं? सगळे हसले असते आणि विषय मिटला असता. त्या म्हणणारच होत्या.

काका सीटचा दांडा धरून उठले.

"ती नाही विसरत," ते म्हणाले. "मी विसरतो. ती माझ्याकडे बघत होती. म्हणून यांचं राहिलं."

मावशींना वाटलं, लिफ्टची दोरी तुटली. आता थेट तळाला. त्यांना वाटत होतं, आपण हे काकांपासूनही लपवलंय. काकांना माहीत होतं. ते रोज सकाळी नव्यानं ओळखून घेत असतील, आणि आपल्याला बरं वाटावं म्हणून काही बोलत नसतील. मावशींनी पदर तोंडाला लावला.

पुढच्या सीटवरच्या एका भल्या गृहस्थांना राहवलं नाही. ते मागं वळले आणि मोठ्यानं, एकेक अक्षर सोडवत म्हणाले, "का-का, ब-रं वा-ट-तं-य ना?"

"मी विसरतो," काका म्हणाले. "बहिरा नाही."

आधी ड्रायव्हर हसला. मग सगळे. ते गृहस्थसुद्धा. हसू ओसरल्यावर हेडबाई उठल्या.

त्या मावशींना म्हणाल्या, मला पहिल्याच दिवशी कळलंय. पहिल्या दिवशी यांनी मला तीनदा विचारलं, तुम्ही कुठल्या शाळेत होतात. मी तीनदा सांगितलं. दर वेळी त्यांना तितकीच मजा वाटली. जन्मभर वर्गात मी तेच केलं, आणि तिथं कुणाला एकदाही मजा वाटली नाही. मग त्यांनी आवाज खाली आणला.

"तीन दिवस तुम्ही मला कामच करू दिलं नाहीत. माझ्या माणसाकडे मी बघते. तुम्ही तुमच्या माणसाकडे बघा."

पोरगीला ऑफिसला कळवावंच लागणार होतं. मुलीला मात्र तुम्हीच सांगा, असं ती मावशींना म्हणाली. संध्याकाळी मुक्कामाच्या व्हरांड्यात बसून मावशींनी फोन लावला. सगळं सांगितलं.

"बाबा आत्ता काय करतायत?" मुलीनं विचारलं.

"पेपरमिंट खातायत."

मुलगी रडत रडत हसली. तिनं परत या म्हटलं नाही. परत येताना मी न्यायला येते, म्हणाली. आणि मग जरा रागानं, "आई, मला काय परकी समजलीस?" नाही गं, एवढंच मावशी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी नदी संपली.

म्हणजे मावशींना वाटलं होतं तशी ती संपली नाही. त्यांच्या मनात एक रेघ होती. रेघेच्या अलीकडे नदी, पलीकडे समुद्र. तिथं नुसतं रुंद, करडं पाणी होतं. बॅटरीवाले काठावरच्या दगडावर टेकले. मावशी त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या. सरांनी एका उंच काचेच्या भांड्यात आधी निळा रंग घातलेलं खारं पाणी ओतलं आणि मग चमच्यावरून अगदी सावकाश गोडं पाणी सोडलं. निळं खाली राहिलं. साधं वर तरंगलं. सर म्हणाले, इथं तसंच आहे. खारं जड, ते खालून आत येतं. गोडं हलकं, ते वरून बाहेर जातं. दोन्ही एकाच वेळी चाललेलं असतं.

मावशी पहिल्यांदाच ऐकत होत्या.

"म्हणजे एकावर एक दोन मजले," त्या म्हणाल्या.

सर म्हणाले, हो. मावशींनी विचारलं, मग मधल्या मधे अडकलेल्या पाण्याचं काय होतं? सरांना तो प्रश्न इतका आवडला, की ते भांडं हातात घेऊन त्यांच्याजवळ आले आणि निळ्या आणि साध्या पाण्याच्या मधला पुसट पट्टा दाखवायला लागले. तेवढ्यात मागं कुठंतरी काका बोलले. भांड्याची काच किती जाड असेल, असं काहीतरी. हेडबाईंनी उत्तर दिलं. मावशींची मान वळायला निघाली. त्यांनी ती थांबवली. मागून काकांचं हसू आलं. मग हेडबाईंचंही. मावशी त्या पुसट पट्ट्याकडे बघत राहिल्या.

बसमध्ये चढताना त्यांनी बॅटरीवाल्यांचा हात धरला. त्यांना मागच्या सीटवर बसवलं आणि त्यांच्या शेजारी स्वतः बसल्या. पुढे काकांच्या शेजारची जागा रिकामी होती. तिथं हेडबाई जाऊन बसल्या.

"आपलं माणूस?"

मावशींनी बॅटरीवाल्यांकडे नीट बघितलं. चष्मा, मफलर, दुखरा गुडघा. "आहे," त्या म्हणाल्या. "आहे," बॅटरीवाले म्हणाले. सगळी बस म्हणाली. हेडबाई म्हणाल्या, आणि तो आवाज शेवटच्या बाकापर्यंत ऐकू आला.

पोरगी अजून दाराशीच उभी होती. ती एका आवाजासाठी थांबली होती. मावशींचा हात आपोआप पुढे निघाला, पण मध्ये इतक्या सीट होत्या. काकांच्या दंडापर्यंत तो पोचला नसता. त्यांनी तो मांडीवर ठेवला.

काकांनी शेजारी मान वळवली. हेडबाईंकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, बसवलेली काच तपासावी तसं.

"आहे," ते म्हणाले.

पोरगीनं दार लावून घेतलं.