बजाबाईची मुळीची पूड

मी टेंभुर्णीत मुलींना कुस्ती शिकवतो. नाव कोंडीबा, पण बापसुद्धा शेवटी शेवटी मला वस्तादच म्हणायचा. माझा आवाज मोठा आणि राग त्याहून मोठा. मॅटवर पोरी मला टरकतात, हे मी कौतुकानं सांगायचो. आता सांगत नाही. खरी भीती म्हणजे काय ते मला बजाबाईनं दाखवलं.

बजाबाई ही माझी पट्टशिष्या पिंकी हिची थोरली चुलती. उजनीच्या पाण्याकाठी त्यांचं गाव. पिंकीची आई ती तीन वर्षांची असताना गेली, तेव्हापासून नवऱ्यामागं राहिलेल्या या बाईनंच तिला वाढवलं. पिंकी तिला मोठी आई म्हणायची. बाई केळीच्या बागेत कामाला. तीस-तीस किलोचे घड खांद्यावर घेऊन बांध ओलांडायची आणि वर मलाच टोमणा मारायची, "वस्ताद, पोट सुटलंय की! पोरीस्नी पळवताय, तुमी कवा पळणार?"

एका सोमवारी पिंकीचा फोन आला. नुसता श्वास ऐकू येत होता. मग म्हणाली, "सर, दिल्लीवरनं मेल आलाय." राष्ट्रीय ज्युनिअर स्पर्धेत तिनं सोनं मारलं, त्या दिवशी लघवीचा नमुना घेतला होता. त्यात बंदी असलेलं स्टेरॉईड सापडलं होतं. तूर्त निलंबन. बाजू मांडायला मुदत. दोष कायम झाला तर दोन वर्षं बंदी.

पहिला विचार पिंकीचा नव्हे, माझ्या तालमीचा आला, खोटं कशाला बोलू? चाळीस पोरी येतात. एकीनं इंजेक्शन घेतलं अशी आवई उठली की आठवड्यात मॅट ओस पडणार.

मी मोटारसायकल काढली आणि त्यांच्या घरी जाऊन पिंकीवर असा ओरडलो की शेजारची माणसं दारात आली. "काय खाल्लंस? कुणी दिलं?" ती म्हणाली, "सर, तुम्हाला विचारल्याशिवाय मी खोकल्याचं औषध पण घेत नाही. आईशप्पथ." तिचा बाप, रावजी, चौकटीला टेकून उभा होता. तो शांतपणे म्हणाला, "दोन वर्सं घरी बसवून काय लोणचं घालू हिचं? करमाळ्याचं स्थळ आलंय. बंदी लागली की दिवाळीनंतर उरकून टाकतो."

रावजी बोलतो ते करतो, हे गावाला ठाऊक आहे. बजाबाई चुलीपाशी पाठ करून बसली होती. एरवी अशा वेळी ती दिराच्या तोंडाला तोंड दिल्याशिवाय राहायची नाही. त्या दिवशी ती नुसती चूल फुंकत राहिली.

पुढचे पंधरा दिवस मी दुकानं धुंडाळली. प्रोटीनचा डबा, व्हिटॅमिनच्या गोळ्या, सगळं तपासलं. काही हाती लागेना. पिंकीचा शब्द खरा मानावा तर अंगात आलेलं आलं कुठून? घरात सगळे एकमेकांकडं चोरून बघायला लागले. मीसुद्धा पिंकीकडं तसाच बघत होतो.

मग एक दिवस कागदावर सह्या घ्यायला गेलो तर बजाबाई भिंत धरून चालत होती. उंबरा ओलांडताना तिच्या तोंडून "आई गं" निघालं. मला चमकल्यासारखं झालं. महिन्यापूर्वी घड वाहणारी बाई ही!

"बजाबाई, गुडघं कधीपासनं?"

"जुनंच हाय."

"जुनं असेल तर मधे दोन वर्षं कुठं गेलं होतं?"

ती खाली बसायला गेली आणि बसताही येईना. मी हात दिला. तो हात तिनं असा घट्ट धरला की सोडवेना.

"वस्ताद, मला पोलीस नेत्याल का वो?"

मग सगळं बाहेर आलं. आठवडी बाजारात एक माणूस मुळीची पूड विकायचा, कागदाच्या पुड्यांत. दोन वर्षांपूर्वी तिनं ती सुरू केली आणि तीन दिवसांत तिचे गुडघे पळायला लागले. स्पर्धेआधी पिंकीचा गुडघा मुरगळला, पोर रात्ररात्र कण्हत होती, म्हणून हिनं रोज सकाळी बदामाच्या दुधात चिमूटभर पूड कालवली. पिंकीला सांगितलं नाही, कारण कडू म्हणून ती प्यायली नसती.

"मी पालकांची बैठक घेऊन सांगितलं होतं ना, औषध द्यायचं नाही म्हणून? तुम्ही पुढंच बसला होता!"

"तुमी गोळी-इंजेक्शन म्हनला हुता. ही तर मुळी हाय. मुळीला औषद कोन म्हनतं?"

करायला गेली गणपती आणि झाला मारुती. त्या पुडीत स्टेरॉईड कुटून घातलेलं असणार. म्हणून तर तीन दिवसांत गुण.

पण मला आशा वाटली. नियम असा, की अंगात जे सापडेल त्याला खेळाडूच जबाबदार. मात्र ते कुठून आलं हे पुराव्यानिशी दाखवलं आणि तिला माहीत नव्हतं हे पटलं, तर शिक्षा कमी होते. मी म्हणालो, "ती पुडी आणा."

"टाकली. मेल आला त्याच दिशी धरनाच्या पान्यात टाकली. झडती झाली तर सापडाय नगं म्हनून."

"अहो बाई, तेवढंच आपल्याला वाचवणार होतं!"

ती माझ्याकडं बघत राहिली. मी अनेक पोरींना शेवटच्या दहा सेकंदांत हरताना पाहिलंय, पण असा चेहरा नाही पाहिला. दोन बाजार आम्ही फिरलो. पूडवाला गायब होता. लोक म्हणाले, कुणीतरी चौकशी करतंय हे त्याच्या कानावर गेलं. मुदतीचे आठ दिवस राहिले.

मग बजाबाईला आठवलं. बागेत बरोबर काम करणाऱ्या ईरम्माला तिनं त्याच खेपेतली एक पुडी दिली होती. ईरम्मा अक्कलकोटकडची, एकटी बाई. तिनं आधी कानावर हात ठेवले. "मला काय ठाव नाही. माझं नाव कागदावर येईल की. मला कोण सोडवणार?" तिचंही खोटं नव्हतं. तेव्हा ज्या बाईला खाली बसता येत नव्हतं ती बजाबाई ईरम्माच्या पायांवर पडली. बराच वेळ उठलीच नाही. शेवटी ईरम्मानं तांदळाच्या डब्यातून अर्धी पुडी काढून दिली. पुण्यातल्या प्रयोगशाळेचा कागद आला. तेच स्टेरॉईड.

सुनावणी माझ्या लॅपटॉपवर झाली. पडद्यावर तीन माणसं, शेजारी त्यांचं बोलणं मराठीत सांगणारी एक बाई. रावजी खोलीतच होता. त्याला तोपर्यंत पुडीचं काहीच माहीत नव्हतं. बजाबाईचे दात वाजत होते, मला ऐकू येत होते. विचारलं, मुलीला दूध कोण द्यायचं?

"मी. पूड मी घातली. तिला ठाव न्हवतं. जेलात घालायचं तर मला घाला, तिला खेळू द्या."

रावजी उठून बाहेर गेला. पिंकीनं चुलतीकडं एकदाच पाहिलं, आणि ते पाहणं मला सहन झालं नाही. मधले साहेब म्हणाले, चूक तुमची असली तरी शरीर खेळाडूचं आहे.

दोन वर्षांऐवजी दहा महिने बंदी झाली, निलंबनाच्या दिवसापासून. रावजीनं करमाळ्याला होकार नाही कळवला. म्हणाला, दहा महिने बघतो. पिंकी लढणार होती. मी तिथंच रडलो, मोठ्यानं.

आता बंदीचे शेवटचे दोन महिने राहिलेत आणि सरावाला परवानगी मिळाली आहे. पिंकी तालमीच्या खोलीत राहते. स्वतः रांधलेलं खाते, पाण्याची बाटली झोपताना उशाशी घेते. घरून काही घेत नाही. हा नियम मीच घातला, आणि तिनं एका शब्दानं विरोध केला नाही.

परवा बजाबाई एसटीनं आली. काठी टेकत दोन जिने चढली. पिंकी मॅटवर होती. बाई खिडकीतून तिला बघत उभी राहिली, आत गेली नाही. पिशवीतून कारळाच्या चटणीची बरणी काढली. "कुटताना शेजारीन बसवली हुती वस्ताद, साक्षीला. कारळं, मीठ, लसूण, मिरची. दुसरं काय न्हाय. इचारा तिला."

मी बरणी हातात घेतली. परत तिच्या पिशवीत ठेवली. नियम म्हणजे नियम, असं काहीतरी पुटपुटलो. माझाच आवाज मला ओळखू येईना.

तिनं बरणी पुन्हा बाहेर काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. "मंग तुमी खावा," म्हणाली. "पर पिंकीच्या म्होरं खाऊ नगा. तिला लई आवडती."