पाठमोरा प्रवेश

नवरा नाटकात नट होता तोवर निदान ताटावर माणसासारखा बसायचा. सिनेमाचा दिग्दर्शक झाला आणि जेवतानाही बोटांची चौकट करून बायकोकडे बघायला लागला. तिला शिसारी यायची. पण जग त्याच्यावर लट्टू होतं, आणि ज्या नाटकापायी होतं, त्यात तिचीही अर्धी हयात गेली होती.

त्या नाटकात मुलगा गेल्याचं कळतं तेव्हा ती प्रेक्षकांकडे पाठ करून उभी राहायची. नुसते खांदे हलायचे. प्रेक्षकांना पाठ दाखवायची नाही, हा नटाचा पहिला धडा. पण पहिल्यांदा तसं घडलं तेव्हा अख्खं नाट्यगृह मुसमुसलं, आणि नवऱ्यानं ती जागा कायम करून टाकली. मुलाखतींत स्वतःची कल्पना म्हणून सांगितलीही. सांगू दे मेल्याला!

आता त्याच नाटकाचा सिनेमा निघाला. तिच्या भूमिकेत कोण, तर एक कोवळी नटी, रडायचं म्हटलं की डोळ्यांत औषध घालावं लागणारी. आवाज मात्र बायकोचाच हवा. डबिंगच्या खोलीत तिला माइकपुढे उभं केलं. पडद्यावर नटी पाठ करून उभी राहिली आणि कॅमेरा वळसा घालून थेट तिच्या तोंडापुढे आला. ती पाठ तेवढी बायकोची स्वतःची होती. ह्या गृहस्थानं तीही चव्हाट्यावर मांडली.

हेडफोनमध्ये नवऱ्याचा आवाज आला. पहिल्या दिवशी रडलीस तसंच रड, म्हणाला.

त्या दिवशी तिची आई गेली होती. निरोप सकाळीच आला होता. यानं दिवसभर पोटात ठेवला, आणि ती त्या प्रवेशासाठी रंगमंचावर पाऊल टाकणार तेवढ्यात विंगेत तिच्या कानात सांगितला. का, तर प्रवेश रंगावा म्हणून. रंगला की!

काचेपलीकडे सगळे कान देऊन बसले होते.

"मी रडत नव्हते हो त्या दिवशी," ती माइकमध्ये म्हणाली. "तुमची किळस आली होती. ओकारी दाबत होते."

नवऱ्यानं काचेतून बोटांची चौकट तिच्यावर धरली.

"आवाज झकास कापरा लागलाय," तो म्हणाला. "शब्द गाळून असंच पुन्हा दे बघू."

तिनं हेडफोन काढून ठेवला, त्याच्याकडे पाठ केली आणि दार गाठलं. खांदे अजिबात हलत नव्हते.