धरणाचे फायदे

पिंपळवंडीच्या पुढच्या एका गावात मी भूगोल शिकवते. शाळेला लागून कालवा, कालव्याला लागून ऊस. दरवर्षी तो धडा येतो आणि मी फळ्यावर लिहिते : धरणाचे फायदे. सिंचन, वीज, पिण्याचे पाणी. मुलं माना खाली घालून उतरवून घेतात. तोट्यांना पुस्तकातच जागा नाही, तर त्यांच्या वहीत कुठून असणार?

ते पाणी आंबेगावच्या डोंगरातून येतं. तिथं धरणाच्या तळाशी आमचं गाव आहे. गाव उठलं तेव्हा मी आईच्या कडेवर होते, मला काहीच आठवत नाही. घरात त्याचा विषय निघत नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात. आमचं बुडालं, तेही आम्हालाच कळलं.

यंदा माझं डोकं सटकलं. फायदे लिहून झाल्यावर खडू ठेवला आणि विचारलं, "धरणाच्या आधी तिथं काय होतं?"

"काय नाय मॅडम, नुसता डोंगर व्हता," एकजण म्हणाला.

त्यानं खोडी काढली नव्हती. त्याला खरंच तसं वाटत होतं. मग मी सांगितलं, तिथं माझं घर होतं. तेवढ्यात तास संपला.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी बोलावलं. माणूस वाईट नाही. "मॅडम, इथली पोरं त्याच पाण्यावर वाढली. पुस्तकात आहे तेवढं शिकवा की. कशाला उगाच?" मधल्या सुट्टीत डबा उघडला, तर शेजारची खुर्ची रिकामी. रोज मला भाजी वाढणाऱ्या मॅडम खिडकीपाशी जाऊन बसल्या होत्या. भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. फार एकटं वाटलं.

शाळा सुटल्यावर वर्गातली एक मुलगी फाटकाशी थांबलेली दिसली. तिच्या घरचा ऊस त्याच कालव्यावर आहे.

"मॅडम, तुमच्या घराचं दार कुठल्या अंगाला व्हतं?"

मला सांगता आलं नाही. भाड्याच्या खोलीवर आले आणि आईला फोन लावला.

"उगवतीला," आई लगेच म्हणाली. मग तिनंच विचारलं, "कोन इचारतंय?"

"वर्गातली मुलगी."

"खालची?"

"हो, इथलीच. कालव्याकडची."

"आनिक काय इचारलं तिनं?"

मी म्हटलं, एवढंच. आईनं फोन ठेवला नाही.