मनातल्या मनात चाललेली आरती

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी मी मार्कंड्याच्या देवळात महादेवापुढे हात जोडून बोलून बसले, "देवा, माझ्या पल्लवीची दहावी पार पडेपर्यंत साडेआठची मालिका मी डोळ्यांनी पाहणार नाही."

आता नेम मला नवे नाहीत. सोळा सोमवार झाले, संकष्ट्या चालूच आहेत. पण या एका नेमाने भरल्या शाळेत माझी जी शोभा झाली, ती काय वर्णावी! चहा घ्या आणि ऐका.

"डोळ्यांनी" म्हटलं होतं हं मी. कानांचं काही बोलले नव्हते. महादेवानेही विचारलं नाही!

तर सोय अशी केली. नेमाआधी मालिका लागली की मी पल्लवीला आत पिटाळायची. "तुह्या वयाचं नाई हे!" म्हणायची. आता मी आत, टीव्हीकडे पाठ करून तांदूळ निवडत बसायची. पल्लवी टीव्हीपुढे. तिने पाहायचं, मला सांगायचं.

हसू नका! पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "आई, मालिका सुधरली आता. लय संस्कारी झाली." मग मला काय हरकत? दिवसभर पुस्तकात मान घातलेल्या पोरीला अर्धा तास मोकळा नको? आमच्या गावात दिवेलागणीनंतर वाघाच्या धाकाने कुणी अंगणात उतरत नाही. मग पोरीने पाहावं काय, भिंतीवरची पाल?

आणि खरंच सुधारली होती हो मालिका! तो विश्वजीत सारखा त्या मोनाकडे जायचा. मी विचारलं, "काऊन जाते वं तो तिच्या घरी?"

"मानलेली बहीण आहे त्याची."

"मंग त्याची बायको काऊन रडून राह्यली?"

"नणंद-भावजयीचं भांडण, आई. तुले तर माहीत आहे."

मला तर चांगलंच माहीत आहे!

कधीकधी मात्र बोलणं एकदम बंद व्हायचं. नुसतं संगीत. पाच मिनिटं झाली तरी कुणी चकार शब्द काढायचं नाही.

"पल्लू, चूप काऊन झाले सगळे?"

"आरती चालू आहे, आई."

"मंग घंटी काऊन नाई वाजत?"

"मनातल्या मनात चालू आहे."

मी सूप खाली ठेवलं, पाठमोरीच हात जोडले. आरती म्हटल्यावर तांदूळ कसे निवडायचे?

चार महिने असे गेले. मग एक दिवस पल्लवी शाळेतून आली ती रडतच. गडचिरोलीच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी तिची निवड झाली होती. तिचं भाषण ऐकून ऐकून आमच्या म्हशीलाही पाठ झालं असेल! आणि मॅडमनी तिचं नाव कापलं. का, तर मधल्या सुट्टीत ती वर्गातल्या पोरींना मालिकेची गोष्ट सांगताना सापडली.

माझं डोकंच फिरलं. संस्कारी गोष्ट सांगितली म्हणून शिक्षा? शनिवारी पालकसभा होती. नेहमी मागे बसणारी मी, थेट पुढच्या बाकावर जाऊन बसले.

मॅडम म्हणाल्या, "पल्लवीच्या आई, अशा घाणेरड्या मालिका तुमची मुलगी बघते आणि बाकीच्या मुलींना बिघडवते."

मी उभी राहिले. "घाणेरडी? मॅडम, चार महिने झाले, मी रोज ऐकतो ते! विश्वजीत आपल्या मानलेल्या बहिणीले किती जीव लावते!"

"कोणती बहीण?"

"मोना."

मागून शेजारची शांताबाई म्हणाली, "अवो बाई, बहीण होय? मंग तिच्या पोटातलं लेकरू कोणाचं?"

"तिच्या नवऱ्याचं! दुबईले राह्यते तो."

"कोणं सांगतलं?"

"माह्या पल्लवीनं!"

बायका पदर तोंडात कोंबायला लागल्या. मला वाटलं, यांना पटत नाही. मी आवाज चढवला. "अन् पूजापाठ किती! परवा बंद खोलीत दोघांची मनातल्या मनात आरती चालली. दहा मिनिटं! मी सोता हात जोडून उभी होती!"

काय सांगू, छप्पर उडेल असं हसल्या सगळ्या. मॅडमनी हजेरीपट तोंडापुढे धरला, पण तो हजेरीपटही हलत होता.

दारात पल्लवी खाली मान घालून उभी. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

"पल्लू, खोटं सांगतलं तू मले?"

"तुले झेपलं नसतं, आई," ती हळूच म्हणाली.

म्हणजे बघा! वर्गातल्या पोरींना मोठ्या माणसांची मालिका, आणि बेचाळीस वर्षांच्या आईला अंगणवाडीची!

पण मी मान खाली घातली नाही. मॅडमना म्हटलं, "मॅडम, कोणाले काय झेपते हे ज्या पोरीले समजते, ते बिघडली काय? आईले जपलं तिनं! अन् एक सांगा, ही मालिका घाणेरडी आहे हे तुमाले कसं माहीत?"

"मुलींनी काय पाहू नये ते कळावं म्हणून पाहते मी."

"रोज?"

मॅडम लाल झाल्या. मग त्याही हसल्या, आणि यादीत पल्लवीचं नाव पुन्हा लिहीत म्हणाल्या, "चार महिने आईला पटवलं, परीक्षकांचं काय घेऊन बसलात!"

दुसरा नंबर आणला माझ्या पोरीने. दहावीही पार पडली, नेम फिटला. आता आम्ही मायलेकी शेजारी बसून मालिका पाहतो. कुणाला काय म्हणायचं ते म्हणू दे. ती विचारते, मी सांगते. जिथे मी लाजते, तिथे ती सांगते. संगीत सुरू झालं की ती म्हणते, "आई, आरती!" आणि मी हात जोडून डोळे मिटते.

तुम्हीही एवढा नेम धरा, बाई. पोरीला आत पिटाळू नका, शेजारी घेऊन बसा. आरती लागली की हात जोडा. एक डोळा माझ्यासारखा किलकिला राहिला, तरी महादेव रागावत नाही. तो तर तिन्ही उघडे ठेवून बसला असेल.