आवाज गेलेल्या माहितीपटातलं मीठ

या जिल्ह्यात माझा पाय टिकला तो एका निवृत्त शिक्षिकेमुळे. त्यांना मी बाई म्हणतो. हे आधी सांगतो, मग बाकीचं.

मी खाडीकाठचा, सातवीत शाळा सुटलेला. आर्वीत एका वाचनालयात झाडलोटीला लागलो. तिथं जुन्या माहितीपटांचा साठा आहे. पूर्वी टॉकीजमध्ये सिनेमाआधी दाखवायचे तसले, दहा-दहा मिनिटांचे, काळे-पांढरे. आता ते संगणकावर घेतलेत. कशात काय आहे ते बाई बघून वहीत लिहायच्या. लावायचं-थांबवायचं काम माझं. महिनाभर बघू, बाई हो म्हणाल्या तरच ठेवू, असं कारकुनानं बजावलं होतं.

माझ्या बोलीचं गावात कुणी नव्हतं. मग पडद्यावरची माणसंच सोबतीला. उंटावरून टपाल नेणारा, पायानं सुईत दोरा ओवणारा, बांगड्या करणारी म्हातारी. त्यांचीही नावं कुणी सांगत नसे.

एका दुपारी एक तुकडा लागला. सुरुवात तुटलेली, आवाज गेलेला. पांढरे ढीग आणि डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायका. बाईंनी लिहिलं, 'कापूस वेचणी'.

ते मीठ होतं. माझ्या आईनं जन्मभर तेच वाहिलं. पण सांगितलं आणि बाई रागावल्या, तर जायचं कुठं?

"काऊन रे, घाम फुटला तुले?" बाईंनी विचारलं.

"बाई, तो कापूस नाही. कापसाच्या टोपलीखाली मान अशी दबत नाही. मिठागर आहे ते."

कारकून हसला. "घ्या! सातवीवाला बाईले शिकवून राह्यला."

"तू गप बस जरा." बाईंनी तुकडा पुन्हा लावायला सांगितला. त्या बायकांच्या मानांकडे बघत राहिल्या. "आमच्या इकडं पांढरा ढीग म्हटला का कापूसच. समुद्र कुठं पाह्यला मी? बरोबर आहे त्याचं." वही माझ्याकडे सरकवली. "तूच लिही."

'मीठ वाहणाऱ्या बायका. ओझं फार.' एवढंच जमलं. बाईंनी त्यातलं एक अक्षर बदललं नाही. खाली सही केली आणि कारकुनाला म्हणाल्या, "हा राहू दे इथंच."

राहिलो. अजूनही खोलीवर गेलो की बोलायला भिंतीच असतात, आणि नोकरीची धाकधूक पुरती गेलेली नाही. पण एकदा बाईंना आमच्याकडे नेणार आहे. मिठागराच्या बांधावरून चालवीन, समुद्र दाखवीन. गुडघे दुखतात म्हणाल्या, तर हात धरून नेईन. पण नेणारच.