हळद लावलेली प्लेट

पाणबुड्या शोधून बुडवणाऱ्या युद्धनौका बांधायच्या कामावर मी वेल्डर आहे, असं सांगितलं की शिरड शहापूरची माणसं आधी माझ्याकडे आणि मग गावच्या कोरड्या ओढ्याकडे बघतात. त्यांचंही चूक नाही. वसमतला हळद शिजवायचे कुकर जोडणारा मी. सिद्धेश्वरच्या धरणापलीकडे मोठं पाणी पाहिलेलं नव्हतं, आणि एकदम गोदीत जाऊन उभा राहिलो.

किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात मोठी जहाजं शिरत नाहीत, म्हणून ही लहान नौका, असं साहेबांनी समजावलं. मी मान डोलावली. माझा जीव परीक्षेत अडकला होता. जोडलेल्या प्लेटचा एक्स-रे काढतात. दोनदा नापास झालात की घरचा रस्ता. आणि आईने तर गल्लीभर पेढे वाटून टाकले होते.

आमच्या वसमतच्या वर्कशॉपात नवा कुकर जोडायच्या आधी शुभ म्हणून पत्र्याला तेलात कालवलेली हळद लावत. आईनेही, देवाचं नाव घेऊन पहिल्या कामाला लाव म्हणून, घरच्या हळदीची पुडी दिली होती. कोणी बघत नाही असं बघून मी प्लेटच्या सांध्यात तेलात कालवून बोटभर हळद भरली, हात जोडले आणि काम सुरू केलं.

एक्स-रेत वेल्डिंग कुठलं, धिरडं दिसलं. भोकंच भोकं.

"जॉइंट में क्या डाला?" तपासणारे साहेब म्हणाले. मी खरं ते सांगितलं. आधी ते पोट धरून हसले. मग म्हणाले, "तेल जला, गैस बना, छेद हुआ. समुंदर इसी छेद से अंदर आएगा." कुकर गळला तर आम्ही फार तर शिव्या खायचो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परीक्षा पुन्हा दुसऱ्या दिवशी होती. हळद लावली तर नापास, न लावावी तर आईचा शब्द मोडतो. संध्याकाळी फोन लावला आणि रडत रडतच सगळं ओकून टाकलं.

मला वाटलं, ऐकून आईचं काळीज फाटेल.

"काहून रडून राहिला रे?" ती म्हणाली. "देवाला काय कळते वेल्डिंगमधलं? तू साहेबाचं ऐक."