कवटीचं जिंजर

आधी तो चहाचा कप खाली ठेवा. मागे हे सांगत होतो तेव्हा एकाच्या नाकातून चहा बाहेर आला होता, आणि शर्ट माझा खराब झाला. हसा बिनधास्त, माझी काही तक्रार नाही. ज्यांनी हसायचं ते तेव्हाच हसून मोकळे झालेत.

नव्वद सालानंतरची गोष्ट. मी बावीस वर्षांचा, पुण्यात कमर्शियल आर्ट शिकून साताऱ्याला परत आलेलो. केस खांद्यापर्यंत. ऐन एप्रिलात अंगात काळा टी-शर्ट, त्यावर ही एवढी कवटी! कानाला वॉकमन. त्यातल्या इंग्रजी गाण्यांचा एक शब्द कळायचा नाही, पण ती बंडाची आहेत एवढं नक्की कळायचं. आता बंड करायचं कुणाविरुद्ध? आई दोन्ही वेळेला गरम वाढत होती, वडील काही बोलत नव्हते. घरात बंडाला वावच नव्हता हो!

माझ्या मामाचा सोड्याचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक शेड, एक मशीन, दोन कामगार आणि मामा. त्याचं जिंजर मात्र नावाजलेलं. कोरेगावकडचं ताजं आलं आणायचं, किसायचं, उकळायचं, गाळायचं. एक घोट घेतला की कान गरम व्हायचे. पण त्या सुमारास परदेशी कोल्ड्रिंकचे ट्रक आले. दुकानदाराला फ्रीज फुकट, अट एकच, आत दुसऱ्याची बाटली दिसता कामा नये. मामाचं जिंजर फ्रीजबाहेर गेलं, मग दुकानाबाहेर गेलं.

शेवटी तासगावच्या शिंद्यांनी निरोप धाडला. शिंदे म्हणजे मामाच्या जुन्या ओळखीचे, स्टँडसमोर त्यांचं कोल्ड्रिंक हाउस. म्हणाले, दहा पेट्या पाठवा, खपल्या तर अख्खा उन्हाळा तुमचाच माल ठेवतो. नाही खपल्या तर मामा मशीन भंगारात घालणार होता. मला मनापासून वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं की मी मदतीला धावतो, हा माझा जुना दोष.

पुण्यात जुन्या मासिकांच्या ढिगात मी एक लेख पाहिला होता. अमेरिकेत म्हणे पोरं घरामागे लहान लहान भांड्यांत स्वतःची बिअर बनवतात, बाटलीवर कवट्या नि सैतान काढतात आणि मोठ्या कंपन्यांच्या नाकावर टिच्चून विकतात. झालं! मी मामाला समोर बसवला.

"मामा, ते मोठे, आपण छोटे. म्हणजे आपण कोण? बंडखोर!"

"मी?" मामा दचकला. "आरं, मी रेशनच्या लायनीत कधी कुणाच्या म्होरं गेलो न्हाई."

"तुम्ही नाही, बाटली बंडखोर पाहिजे!"

मामानं मान डोलावली. बुडत्या माणसाला कोणी पोहायला शिकवू लागलं तर तो काय बोलणार?

मी परमिट रूमवाल्यांकडून बिअरच्या तपकिरी बाटल्या मिळवल्या. काळ्या कागदावर पांढरी कवटी काढली. तिच्याखाली हाडांच्या जागी फुलीसारख्या आल्याच्या दोन कांड्या. खाली लाल पट्टा, शोभेसाठी. नाव ठेवलं 'बंड'. आणि तळाला एकच ओळ, 'हिंमत असेल तरच!'

"जिंजर कुठं लिवलंय?" मामानं विचारलं.

"लिहायचं नसतं मामा. बंडखोर माणूस आपली ओळख सांगत फिरतो का?"

"पण गिऱ्हाइकाला कळाय नको, आत काय हाय?"

"तेच तर गूढ!"

मामानं हट्टानं कारखान्याचा फोन नंबर तेवढा घालायला लावला. मामी लांबूनच बाटल्या बघून म्हणाली, "हे पोरांच्या हाताला लागंल असं ठेवू नका." मला वाटलं, कौतुक चाललंय.

दहा पेट्या शिवा ड्रायव्हरच्या टेम्पोतून तासगावला गेल्या. पाचव्या दिवशी कारखान्यात फोन वाजला. मीच उचलला.

"तासगावातनं बोलतोय. तुमचा माल संपला."

"दहाही पेट्या?"

"समद्या! नवीन हाय म्हणून बागायतदारांनी हातोहात नेला. आणिक पाठवा. पण एक सांगा, पाणी किती घालायचं?"

"पाणी? थेंबभरसुद्धा नाही! आहे तसं, थेट!"

"थेट? लय कडक न्हाई का हुणार?"

"कडकच पाहिजे! जळजळ झाली पाहिजे!"

"बरं. कंपनी तुमची, तुमी म्हणाल तसं."

मी फोन ठेवला आणि मामाला मिठी मारली. मी कॉलेजची पोरं धरून चाललो होतो, इथे तर द्राक्षबागायतदार बंडखोर निघाले! मामाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवशी मी पाच ओळखीच्या माणसांना सांगितलं की मी आता मुंबईच्या जाहिरात कंपनीतच जाणार.

दुसऱ्या दिवशी आणखी दहा पेट्या भरल्या आणि आम्ही दोघं शिवाबरोबर निघालो. मला माझं यश डोळ्यांनी बघायचं होतं. शिंदे दुकानाच्या दारातच उभे होते.

"कसला माल?" ते म्हणाले. "आठ दिस झालं वाट बघतोय. मला वाटलं, भाच्याचं चित्र काढून व्हायचं हाय."

आम्ही शिवाकडे बघितलं. शिवा अजिबात गडबडला नाही.

"ह्यांचं शटर बंद हुतं. मग म्हटलं, आपली पत्त्यात चूक झाली. ज्याचा माल त्याच्या दुकानात टाकला." त्यानं चार दुकानं सोडून बोट दाखवलं. तिथे मान्यांचं शेतीच्या औषधांचं दुकान होतं. "कवटी हाय की त्याच्यावर, खाली लाल पट्टा! मी काय अडाणी हाय व्हय?"

मामा तिथल्या बाकावरच बसला. मी मात्र धावत सुटलो.

दुकानात पाचसहा शेतकरी उभे. काउंटरवर माझी एक बाटली, आणि ती आपटत एक आण्णा, पांढऱ्या मिशांचे, मान्यांवर तुटून पडलेले.

"ही कसली कंपनी, माने? छाटणीनंतरची कवळी फूट, तिच्यावर उडद्या पडल्या म्हणून दोन पंप मारलं. एक किडा मेला न्हाई! उलट मुंगळ्यांची रांग लागलीया. येल चाटून ऱ्हायल्यात!"

आता शहाण्या माणसानं काय करावं? तोंड उघडून सांगावं, की बाबांनो, हे पेय आहे. मी तोंड उघडलं, पण ते प्यायला. मामाच्या जिंजरचा अपमान मला सहन झाला नाही! बाटली हिसकावली, दातानं बूच उडवलं आणि घटाघटा लावली.

आण्णांनी ती मोटारसायकलवर हिंदकळत आणली होती, वर इतका वेळ आपटत होते. सगळा सोडा एकदम उसळला. नाकातून आला, तोंडाला फेस आला, घशात जाळ, डोळ्यांत पाणी. एक शब्द फुटेना.

"आरं आरं आरं! पोरगं औषध प्यालं!"

"धरा त्याला! आडवा करा!"

"अवतार बघा की," कोणीतरी म्हणालं. "केस बघा, कपडं बघा. ठरवूनच आलाय. प्रेमात मार खाल्लेला दिसतोय."

चौघांनी हातपाय धरले. माने तांब्याभर मिठाचं पाणी घेऊन आले. ते सगळं मला पाजलं, आणि मग व्हायचं ते भर रस्त्यात झालं. तेवढ्यात मामा धापा टाकत आला.

"आवं सोडा त्याला! काय हुत न्हाई त्यानं!"

आण्णा त्याच्यावरच खेकसले. "माणूस हायस का कोण? पोरगं मराय लागलंय आन म्हणं काय हुत न्हाई!"

मला जीपमध्ये घातलं आणि दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पोट धुवायची रबरी नळी बाहेर काढली. ती बघितली आणि माझं सगळं बंड तिथल्या तिथे संपलं. मी आईला हाक मारली.

डॉक्टर वाकले, माझ्या तोंडाचा वास घेतला आणि थांबले. "हा तर आल्याचा वास येतोय."

मामा टेम्पोतली एक पेटी खांद्यावर घेऊन आला होता. त्यानं एक बाटली उघडली, सगळ्यांसमोर अर्धी स्वतः प्याला, दुसरी उघडून डॉक्टरांपुढे धरली. डॉक्टरांनी एक घोट घेतला. मग दुसरा. मग लेबल वाचलं.

"फार छान आहे हो. पण हे असं लेबल लावून कोण विकतं?"

मामानं नुसतं खाटेकडे बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं.

आण्णांनी बाटली तोंडाला लावली, मिशा पुसल्या. "च्यायला, म्हणून मुंगळं आलं व्हय!" बघता बघता पेटी रिकामी झाली. शिंदेही मागोमाग आले होते. त्यांनी मामाच्या खांद्यावर हात ठेवला.

"माल एक नंबर हाय. उन्हाळाभर घेतो. अट एकच, ह्या पोराला लेबलापास्नं लांब ठेवा."

"ठेवला," मामा म्हणाला. सख्खा मामा, पण विचार करायला क्षणभरही थांबला नाही!

मशीन वाचलं, आणि मला खरंच बरं वाटलं. नवं लेबल मामानंच केलं. पांढरा कागद, त्यावर 'जिंजर', आणि खाली 'हे पितात'. धडाधड खपलं.

माझ्याकडे काम आलं बाटल्यांवरच्या कवट्या खरवडून काढायचं. तीन दिवस टबापुढे बसून होतो. गरम पाणी झालं, सुरी झाली, नखं झाली, लेबलं काही सुटेनात. मामी येऊन उभी राहिली. तिनं एक बाटली उचलली, कवटीवरून अंगठा फिरवला.

"गोंद कुणी आणला हुता रं? लय भारी हाय."

मीच आणला होता. माझ्या त्या सगळ्या कामात लोकांनी मनापासून वाखाणलेली तेवढीच एक गोष्ट.